थोरल्या जाऊबाईंचं सोंग

बिश्केक, ११ जून

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा सलाम.

तंबू उभा राहिला का? शिंगरं धडधाकट आहेत का? भावोजींची पाठ काय म्हणते, सूनबाई जाझगुल वेळेवर उठते का, आणि तुम्ही कशा आहात? विचारायचं ते सगळं एका दमात विचारून टाकलं, आता माझी बातमी सांगायला मोकळी झाले. वर डोंगरात सोन-कुल तळ्याच्या कुरणावर फोनला रेंज नाही हे एका परीनं बरंच आहे. फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला अडवलं असतंत.

जाऊबाई, मी डॉक्टर घडवायला लागले आहे. हसू नका. खालच्या मजल्यावरची तामारा मला इथल्या एका वैद्यकीय संस्थेत घेऊन गेली. तिथल्या चिनारा मॅडमना साधी माणसं हवी होती, दवाखान्याचे उंबरे झिजवलेली. मुलं पुस्तकं घडाघडा म्हणतात, पण समोर जिवंत माणूस बसला की त्यांची दातखीळ बसते, असं त्या म्हणाल्या. म्हणून आम्ही पेशंट व्हायचं, मुलांनी विचारायचं, आणि शेवटी आम्हीच त्यांना सांगायचं की बाबा रे, तू मला माणूस समजून विचारलंस की मेंढरू समजून. तुमच्या दिरांच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टर माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलायचे, ते मी विसरलेले नाही. तेव्हा गिळलेलं सगळं आता या पोरांना सुनावते आहे. फार बरं वाटतं.

मला बात्मा नावाच्या बाईचं सोंग दिलंय. बात्माचं हृदय थकलेलं. छातीत पाणी साठतं, चार पावलांवर दम लागतो, पाय सुजतात. पण हे तिनं आपणहून सांगायचं नाही, कुणी नीट विचारलं तरच सांगायचं.

पहिल्याच दिवशी माझ्यापुढे एर्मेक नावाचा मुलगा आला. बातकेनकडचा, उंच, कान लाल झालेले. दोन्ही हात छातीशी धरून वाकला.

"आजी, गुरं-माणसं सुखरूप?"

"देवाची कृपा. सगळी सुखरूप."

"तब्येत कशी आहे?"

"छान आहे रे बाळा. तुझे आईवडील बरे आहेत ना?"

झालं! जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं. पोरगा म्हणाला, "बरे आहेत. मग येतो आजी," आणि उठलाच की! कागदावर लिहून मोकळा, 'तक्रार नाही.' चिनारा मॅडमनी कपाळाला हात लावला. "एर्मेक, तुझी बात्मा आठवड्यात मरेल!" तर तो म्हणतो कसा, "मॅडम, आजी स्वतः छान म्हणाल्या. मोठ्या माणसाला मी खोटं कसं पाडू?"

सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले, पण मला तो आवडला. कुरणावर ये-जा करणाऱ्या इशेनच्या गाडीतून चहा, साखर आणि तुमच्यासाठी लोकरीचे मोजे पाठवते आहे. त्याच्याच हाती उत्तर पाठवा.

तुमची बुरुल

*

सोन-कुल, १९ जून

बुरुल,

चहा पोचला, मोजे पोचले, पत्र पोचलं, आणि पत्र वाचून माझं डोकं फिरलं.

अगं, तुला वेड लागलंय का? आजार असा तोंडावर घेतात का कधी? तो ऐकत असतो. आजपासून त्या संस्थेतून बाहेर पडलीस की तीनदा थुंकायचं आणि घरी येऊन भाकरीचा तुकडा मोडायचा. कानामागून आलीस आणि तिखट झालीस, ते मी चालवून घेतलं. पण हे नाही चालणार.

तो बातकेनचा मुलगा मात्र संस्कारी आहे. मोठं माणूस बरं आहे म्हणालं की ते बरं असतं. तुमच्या मॅडमना कुणी शिकवलं नसेल.

आता मला खरं सांग. तूच आजारी आहेस ना? धडधाकट बाईला कोण कशाला खाटेवर बसवून प्रश्न विचारेल? नक्की तुला काहीतरी झालंय आणि तू मला गोष्टी रचून सांगते आहेस. माझ्यापासून काही लपवायचं नाही. तू सून म्हणून घरात आलीस तेव्हापासून मी तुला ओळखते. शेवया बिघडल्या की तू अशीच खूप बोलायचीस.

आमच्याकडे सगळं सुखरूप. घोड्यांची धार जाझगुल काढते. मी या वर्षी घोड्यावर बसत नाही, कारण ती करडी घोडी द्वाड झाली आहे. माझे बूट 'ह्यांनी' भिजवून चुलीजवळ वाळवले, ते इतके आक्रसले की पाय आतच जात नाही. सध्या मी ह्यांचे रबरी जोडे घालून फिरते. सगळं कुरण हसतं.

किमिझची पिशवी पाठवते आहे, घोडीचं दूध या वर्षी छान आंबलंय. एकटीनं पिऊ नकोस, मुलाला दे. आणि उत्तर लगेच पाठव. मला झोप नाही.

सोनुन

*

बिश्केक, २८ जून

जाऊबाई,

भाकरीची शपथ, मी ठणठणीत आहे! काल बाजारातून कलिंगड उचलून चार मजले चढले. तलांतला विचारा, तुमचा पुतण्या आईसाठी खोटं बोलणार नाही, तो माझ्या बाजूनं कधीच बोलत नाही. किमिझ त्यानंच संपवली. आणि बूट आक्रसले म्हणे! वरची साय खाऊन खाऊन पाय जाड झाले असतील. बिचाऱ्या भावोजींवर कशाला ढकलता?

एर्मेकची गंमत ऐका. बिचारा रडकुंडीला आला होता, म्हणून मी त्याला घरीच बोलावलं, चहा प्यायला आणि सराव करायला. पहिल्या दिवशी त्यानं तळलेल्या बोरसोकचं अख्खं ताट संपवलं आणि प्रश्न एकच विचारला, "आजी, अजून आहेत का?"

मग चिनारा मॅडमनी त्याला एक युक्ती शिकवली. त्या म्हणाल्या, आपल्या माणसाला 'कसं वाटतंय' विचारू नकोस, तो 'छान'च म्हणणार. मरता मरताही म्हणेल. त्याला नमस्कार कर, त्याचं 'छान' मुकाट्यानं ऐकून घे, चहाचा घोट घे, आणि मग त्याच्या रोजच्या कामाचं विचार. पाणी आणायला कोण जातं? वाटेत कुठे टेकता? रात्री उशा किती लागतात? चपला घट्ट होतात का? त्यात माणसाला लाज वाटत नाही आणि तो भडाभडा बोलतो.

आणि खरंच! काल एर्मेकनं विचारलं, "आजी, झोपता कशा?" माझी बात्मा बोलायला लागली. आडवं झालं की पाण्यात बुडल्यासारखं होतं म्हणाली, म्हणून भिंतीला टेकून बसूनच झोपते म्हणाली. मी सोंग करत होते, पण त्या मुलाचा चेहरा असा काही झाला की मला खरंच कुणीतरी माझं ऐकतंय असं वाटलं. डोळे भरून आले.

तुमच्या रबरी जोड्यांना कुणी हसायला नको, मी नवीन बूट बघते. माप कळवा.

बुरुल

*

सोन-कुल, ७ जुलै

बुरुल,

तू बरी आहेस हे कळलं, जीव भांड्यात पडला. चार मजले कलिंगड घेऊन चढू नकोस मात्र. वय काय तुझं, करतेस काय!

पण तुमच्या त्या युक्तीला काही अर्थ नाही. असल्या प्रश्नांनी डॉक्टर होतात होय? मग मीसुद्धा आजारीच म्हणायची! इथे चुलीचा धूर इतका होतो की आडवं पडलं की कोंडतं, म्हणून मी रजयांच्या चळतीला टेकून बसूनच झोपते. झऱ्यावर जाताना पांढऱ्या खडकावर टेकते, येताना परत टेकते. तळं छान दिसतं तिथून. म्हणून काय मी पेशंट झाले? झऱ्याची वाट मेली दरवर्षी लांबच होते. 'हे' म्हणतात वाट तेवढीच आहे. ह्यांना काय कळतंय.

बुटांचं माप कळवत नाही, कारण सकाळचं माप वेगळं आणि संध्याकाळचं वेगळं. मोठ्यात मोठे पाठव. रबरी जोडेही आता चावायला लागलेत.

शेजारच्या तंबूतली कालिचा कालच सांगत होती की तुझ्या बातम्या ऐकायला ती माझ्यापेक्षा आतुर असते. तिला मी काही वाचून दाखवत नाही. तिला काय करायचंय?

दह्याचं कुरुत वाळवून पाठवते आहे, खारट झालंय जरा. मला हल्ली खारटच गोड लागतं.

सोनुन

*

बिश्केक, १२ जुलै

जाऊबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वाचताना 'रजयांची चळत' या शब्दांशी थांबले. तिसऱ्यांदा उभी होते ती खाली बसले.

बूट आक्रसले नाहीत. घोडी द्वाड नाही. झऱ्याची वाट लांबलेली नाही आणि धुराचाही काही दोष नाही. तुम्ही जे जे लिहिलंत ते माझ्या बात्माच्या तोंडचं आहे, शब्दाला शब्द! मी महिनाभर ज्या बाईचं सोंग करते आहे ती तिकडे सोन-कुलला बसून मला पत्रं लिहिते आहे, आणि मी मूर्ख, तुमच्या पायांची थट्टा करत बसले.

मी चिनारा मॅडमना विचारलं. नाव सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, एवढ्या उंचीवर असं हृदय घेऊन राहणं म्हणजे थकल्या बैलाला चढावर जुंपणं. म्हणाल्या, खाली आणा, औषधानं पाणी उतरतं, माणूस पुन्हा चालता-बोलता होतो. आणि उशीर केला तर काय होतं तेही सांगितलं. ते मी लिहिणार नाही.

जाऊबाई, मी तुमच्या पाया पडते. इशेनच्या गाडीत बसा आणि खाली या. मला फार भीती वाटते आहे.

बुरुल

*

सोन-कुल, २० जुलै

बुरुल,

मी कुणाचं सोंग नाही आणि कुणाची बात्मा नाही.

भर उन्हाळ्यात घर टाकून खाली येऊ? किमिझ कोण घुसळणार? लोणी कोण कढवणार, जाझगुल? ती लोणी कढवते तेव्हा कुत्रीसुद्धा लांब जाऊन बसतात.

आणि सासूबाई आठवतात ना? त्याही अशाच भर उन्हाळ्यात दवाखान्यात गेल्या, चालत गेल्या, गाडीत चढताना मला लोण्याचं सांगत होत्या. परत आल्या त्या लोकरीच्या नमद्यात गुंडाळून. दवाखान्याच्या पायऱ्या आपल्या घरातली बाई चढते, उतरत नाही. मी इथे माझ्या तळ्याकडे बघत बसेन आणि तू तिथे बात्मा-बात्मा खेळ.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्यांना एक शब्द कळवलास, किंवा माझ्या मुलाला, तर तुझं माझं नातं संपलं. बूट पोचले. छान आहेत. आत पाय जातात.

सोनुन

*

बिश्केक, २६ जुलै

जाऊबाई,

तुमची आज्ञा. पुन्हा त्या विषयावर चकार शब्द काढणार नाही. जावा-जावा आणि उभा दावा म्हणतात लोक, आपण तसं नको करायला.

आता वेगळी बातमी. चिनारा मॅडम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलांना घेऊन सोन-कुलला येत आहेत. शहरातली पोरं आहेत, कुरणावरच्या माणसाशी बोलायचं कसं ते त्यांना तिथेच येऊन शिकायचंय. त्यांना बात्माचं सोंग करणारी एक बाई लागणार आहे. मी येऊ शकत नाही, तलांतची बायको बाळंत होईल तेव्हाच नेमकं. मग नाव निघालं ते तुमच्या शेजारच्या कालिचाचं. कुणीतरी मॅडमना सांगितलं की कालिचा फार सुंदर खोकते.

म्हटलं तुम्हाला कळवावं. पाहुणे तिच्याच तंबूत उतरतील बहुतेक.

बुरुल

*

सोन-कुल, १ ऑगस्ट

कालिचा??

अगं, कालिचाला सोंग जमेल? नवऱ्यानं विचारलं दूध कुणी सांडलं, तर तिच्या तोंडावर लिहिलेलं असतं! आणि तिच्या तंबूत पाहुणे? छपराची भोकं मोजत झोपतील बिचारे.

मॅडमना सांग, सगळे आमच्याकडे उतरतील. मेंढी कापू. आणि ती तुझी बात्मा मी करेन. तू केलीस ना? मग मी तुझ्यापेक्षा चांगली करेन. पत्ता लागू देणार नाही कुणाला की सोंग आहे. काय काय बोलायचं ते लिहून पाठव.

सोनुन

*

बिश्केक, ३ ऑगस्ट

जाऊबाई,

पाठांतर नको, पाठ केलेलं पोरं ओळखतात. तुमच्याच गोष्टी बात्माच्या म्हणून सांगा. तोच खडक, त्याच रजया, तेच जोडे. विचारलं तरच सांगायचं, पण विचारलं तर एकही खोटं बोलायचं नाही. सोंगाचा नियमच आहे तसा.

एर्मेक येतोय. त्याला सांभाळून घ्या. इशेन हॉर्न वाजवतोय, थांबते.

बुरुल

*

सोन-कुल, ९ ऑगस्ट

बुरुल आजी, नमस्कार.

मी एर्मेक. सोनुन आजींनी मला तुम्हाला पत्र लिहायला बसवलंय. त्या म्हणतात, "सगळं लिही, आणि मी किती छान केलं तेही लिही."

आम्ही पोचलो तेव्हा मेंढी चुलीवर होती. जेवणात मेंढीचं डोकं मानाचं म्हणून मॅडमना दिलं. सोनुन आजींनी स्वतः त्याचा कान कापला आणि माझ्या हातावर ठेवला. "तूच ना तो 'तक्रार नाही'वाला? खा. ऐकायला शिकशील." सगळे हसले. मी खाल्ला. जरा चिवट होता.

चहा झाल्यावर मला पुढे बसवलं. आजी मागे रजयांना टेकून बसल्या, ओठांवर हसू, नाटकाला बसल्यासारख्या. मी म्हटलं, "आजी, गुरं-माणसं सुखरूप?"

"सुखरूप. देवाची कृपा."

मी चहाचा घोट घेतला. तुमच्या घरी शिकलो तसा. मग विचारलं, "पाणी कोण आणतं आजी?"

"मीच. म्हणजे बात्माच. आता जाझगुल आणते."

"का?"

"खडकावर फार वेळ जातो. टेकलं की उठवत नाही."

मग एकेक विचारत गेलो आणि आजी एकेक सांगत गेल्या. शेवटी शेवटी मी काही विचारतच नव्हतो. त्या म्हणाल्या, पहाटे मला कुणीतरी गळा धरून उठवतं. म्हणाल्या, नवऱ्याला वाटतं मी लवकर उठते. आजोबा तंबूच्या दाराशी लगाम शिवत बसले होते. त्यांचा हात थांबला.

बुरुल आजी, मला पाय बघायचे होते आणि धीर होत नव्हता. मोठ्या बाईला बूट काढा कसं म्हणायचं? त्यांनीच पाय पुढे केला. "बघ की, लाजतोस काय? डॉक्टर व्हायचंय ना?" मी बूट काढला. नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. मी बघत बसलो, तो भरेचना.

"आजी," मी म्हटलं, "हे कधीपासून?"

त्या म्हणाल्या, "सोंग आहे रे! बुरुलनं शिकवलंय."

माझ्या तोंडून कसं निघालं माहीत नाही. मी म्हटलं, "सगळी सोंगं आणता येतात आजी. सुजेचं नाही आणता येत."

मला वाटलं आता आजी मला हाकलणार. मी मोठ्या माणसाला खोटं पाडलं होतं, तेही तिच्याच तंबूत, तिचंच मटण खाऊन. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग एकदम जोरात हसल्या, हसता हसता त्यांना दम लागला, आणि दम लागल्यावर त्यांनी माझा हात धरला. घट्ट धरला.

मॅडमनी छाती तपासली. म्हणाल्या, उद्याच खाली नारीनच्या दवाखान्यात न्यायला हवं. आजोबा लगाम टाकून उठले आणि म्हणाले, "मी सामान बांधतो." एवढंच म्हणाले, पण त्यांना पडशी काही केल्या सापडत नव्हती आणि ती त्यांच्याच खांद्यावर होती.

आजींनी अट घातली. "पेशंट म्हणून येणार नाही. या पोरांची मास्तरीण म्हणून येईन. पुढच्या सीटवर बसेन." मॅडम हो म्हणाल्या. आजी विचारतात, लिहिलंस का मी किती छान केलं? फार छान केलं त्यांनी. आम्ही सगळे फसलो होतो, फक्त उलट्या बाजूनं.

आपला,
एर्मेक

*

नारीन, दवाखाना, २२ ऑगस्ट

बुरुल,

नातू झाला ही बातमी इशेननं खिडकीखालून ओरडून सांगितली. सगळ्या वॉर्डनं ऐकली. पोराला माझा मुका. नाव ठेवायची घाई करू नका, मी आहे अजून.

पाणी उतरलं. इतकं उतरलं की काय सांगू, इथल्या नर्सचे पाय दुखले माझं भांडं वाहून. माझे घोटे मला परत दिसले. परवा मी आडवी झोपले, उताणी, राणीसारखी. सकाळी जाग आली तर छाती इतकी हलकी की मला वाटलं, मेले मी. तेवढ्यात नर्स ओरडली, "आजी, मीठ कुणी दिलं तुम्हाला?" मेलेल्या माणसाला कुणी रागवत नाही, म्हणजे जिवंत आहे.

मीठ ह्यांनी आणलं होतं, कागदाच्या पुडीत लपवून. बिचारे. चहा बेचव लागतो म्हटलं होतं मी.

आता एक सांगते. कालिचा जुलैच्या मध्यालाच मुलीकडे कोचकोरला उतरली होती. तुझं पत्र आलं तेव्हा तिच्या तंबूच्या जागी नुसतं गवत दबलेलं होतं. सुंदर खोकते म्हणे! तुला वाटलं तू मला फसवलंस? अगं, माझ्या पायावरचा खळगा मला दिसत नव्हता का? रोज दिसत होता. पण स्वतःहून 'मला बरं नाही' म्हणायला तोंड उघडत नव्हतं. आपल्याला कुणी शिकवलंच नाही ते. तू बात्मा पाठवलीस. बात्माला लाज नव्हती, तिनं सगळं सांगून टाकलं. हुशार आहेस, पण फार हुशारी बरी नाही.

इथेही आता पोरं येतात माझ्याकडे. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, आजी, तुमचं हृदय ऐकू द्याल का यांना? म्हटलं, येऊ देत, पण रांगेनं. मी त्यांना शिकवते. दारात उभं राहून बोलायचं नाही. ते गळ्यातलं यंत्र आधी हातात धरून गरम करायचं. ऐकून झालं की माझ्यापुढे आपापसात कुजबुजायचं नाही, जे ऐकलं ते मला सांगायचं, हृदय माझं आहे.

काल एक मुलगी आली, आइझादा म्हणून. तिला जागाच सापडेना. मी तिचा हात धरून ठेवून दिला जागेवर. खूप वेळ ऐकत होती. मग यंत्र कानातून काढलं आणि मला म्हणाली, "आजी, तुम्हाला भीती वाटते का?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ह्यांनी नाही, मुलानं नाही, तूही नाही. तू तुझी भीती लिहिलीस, माझी विचारली नाहीस. 'नाही' ओठांवर तयार होतं. मी म्हटलं, "वाटते." आणि रडले, बुरुल. लहान पोरीसारखी रडले, तिच्या पांढऱ्या कोटाला नाक पुसलं. तिनंही पुसू दिलं. चांगली डॉक्टर होईल.

तर ऐक. जीव वाचला, पण डॉक्टर म्हणतात हृदय नवं होणार नाही. गोळ्या जन्मभर. आणि सोन-कुल आता नाही. इतक्या उंचीवर पुन्हा चढायचं नाही, पुढच्या उन्हाळ्यात नाही आणि त्याच्या पुढच्याही नाही. मी सून होऊन आले तेव्हापासून एक उन्हाळा चुकवला नाही. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ते रोज येतात आणि तंबूचा कुठला नमदा बदलायचा ते बोलत बसतात. मी माझं तोंड उघडते आणि परत मिटते.

सांगणार आहे मीच. तू सांगायचं नाहीस, डॉक्टरांनीही नाही. पण एकटीनं जमत नाहीये मला. बाळ-बाळंतीण सुनेच्या आईवर सोपव दोन दिवस आणि ये. मी बोलेन, तू नुसती माझ्या शेजारी बस.

सोनुन